करवतीने संपवलेलं गाणं

आज सकाळी लाओ देंग टोफूवाल्याशी भांडला. टोफू आजचा की कालचा, यावरून. मी खिडकीत दात घासत ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गेल्या हिवाळ्यात हा माणूस कुणाशीच भांडत नव्हता. टोफू आंबट निघाला तरी मुकाट्याने पिशवीत घालून चालू लागायचा. बीजिंगच्या गल्लीतला माणूस भांडायचा थांबला की समजावं, त्याचं मन इथून उठलंय. आता तो पुन्हा भांडतोय, माझ्या तळघरात पुन्हा दणदणाट आहे आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी पुन्हा काठीने फरशी ठोकतेय. सगळं जागेवर आलं एकदाचं.

लाओ देंग हे त्याचं इथलं नाव. पासपोर्टावर डंकन रेनी आहे, पण त्या नावाने त्याला हाक मारणारी आता एकच व्यक्ती उरलीय, त्याची बहीण. ती स्कॉटलंडच्या उत्तरेला कुठल्याशा मासळीच्या बंदरात राहते. आम्हाला डंकनचं देंगकन करणं सोपं गेलं, मग देंग हे आडनाव झालं, आणि केस पिकायला लागल्यावर नावाआधी लाओ, म्हणजे जुनाजाणता, लागलं. इथे वय झालेल्या माणसाला तेवढा मान फुकट मिळतो.

तो आला तेव्हा पंचविशीत होता. एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्षभर इंग्रजी शिकवायचं आणि परत जायचं, असा बेत होता. एका रविवारी दुपारी तो आमचं गाणं ऐकायला आला. तेव्हा बँडला जागा कोण देणार? जेवणाची गर्दी ओसरली की एक हॉटेलवाला टेबलं बाजूला करून द्यायचा, तेवढंच. दुसऱ्याच गाण्याला आमच्या ग्वानच्या गिटारची तार तुटली. जास्तीची तार आमच्याकडे नव्हती, बहुतेक अख्ख्या शहरातच नव्हती. पुढच्या रांगेतला हा लांबडा परदेशी उठला, सायकलवरून आपल्या खोलीवर गेला, स्वतःच्या गिटारची तार सोडून घेऊन आला. ग्वानने आभारबिभार मानले नाहीत. तार चढवली आणि जिथे थांबला होता तिथून गायला लागला. पुढे तार परत करायची राहिली. पाच तारांची गिटार घेऊन माणूस एकटा काय वाजवणार? म्हणून तो आमच्यात येऊन बसायला लागला, तो बसलाच.

मी फांग वेइश्या. गुंड्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याचं तळघर मी भाड्याने घेतलं, भिंतींना जुन्या रजया ठोकल्या आणि बँडवाल्यांना तालमीला द्यायला लागले. अर्ध्या शहराचं रॉक संगीत माझ्या रजयांत मुरलंय. मी स्वतः 'कढत पाणी' या बँडमध्ये ड्रम वाजवते. गाणारा ग्वान शाओफेंग, सोबतीची गिटार लाओ देंगची, आणि बेस वाजवायला जो टिकेल तो. आमच्याकडे बेसवाला टिकत नाही, कारण ग्वान. दातोंगच्या कोळशाच्या खाणीतल्या माणसाचा मुलगा तो. बोलतो कमी, आणि बोललाच तर समोरच्याला वाटावं, गप्प होता तेच बरं होतं. त्याच्याशी इतकी वर्षं निभावलेली माणसं दोनच, मी आणि लाओ देंग. त्याची बायको तिसरी, पण तिला पर्याय नव्हता.

गिटारने लाओ देंगचं अर्धं पोट भरतं. उरलेलं अर्धं लेखणीवर. एका संगीताच्या मासिकात तो दर महिन्याला सदर लिहितो, चिनी भाषेत. त्याची चिनी भाषा पुस्तकातली नाही, आमच्या गल्लीतली आहे. त्यामुळे त्याचं लिखाण वाचलं की दाराशी उभं राहून कुणीतरी हातवारे करतंय असं वाटतं. मुलाखत घेण्याची त्याची एक रीत आहे. गाणं कसं सुचलं असं तो कधीच विचारत नाही. आज काय खाल्लं, हा शर्ट कोण धुतं, आई अजून रागावलीय का, असलं विचारतो. समोरचा पोरगा नूडल्स खाता खाता आपलं अख्खं आयुष्य सांगून मोकळा होतो आणि छापून आल्यावर कपाळाला हात लावतो.

आणि त्याच्या जिभेला हाड नाही. आमच्याकडे परीक्षण म्हणजे कौतुक. दोष असतातच, ते जेवताना कानात सांगायचे असतात, छापायचे नसतात. लाओ देंगला हे पटलंच नाही. जे वाटलं ते लिहिणार. एका नामांकित बँडबद्दल त्याने लिहिलं की यांची गाणी आणि यांचे फोटो यांत फोटो उजवे आहेत. त्यांच्या ड्रमरने याच्या सायकलच्या टोपलीत बाटलीभर बिअर ओतली. पण कुणी फार बोलू शकायचं नाही, कारण तो स्वतःलाही सोडायचा नाही. आमच्याच एका कार्यक्रमावर त्याने लिहिलं होतं की सोबतीच्या गिटारवाल्याने घरी जाऊन इंग्रजी शिकवावं. खाली सही स्वतःचीच. ग्वानला ते इतकं आवडलं की त्याने चार प्रती विकत घेतल्या. एकूण काय, याचं लिहिणं आम्ही घरातल्या कुत्र्यासारखं धरून चाललो होतो. जगावर भुंकेल, आपल्याला काय करणार?

'कोबी' या गाण्याने आम्हाला नाव दिलं. थंडीच्या तोंडावर प्रत्येक घराच्या बोळात, जिन्यात, गच्चीवर कोबीची चळत लागायची आणि वसंतापर्यंत तेच खायचं, त्या दिवसांवरचं गाणं. शब्द ग्वानचे, चाल ग्वानची. पण लोक येतात त्या गाण्याच्या शेवटासाठी. शेवटच्या कडव्यात आवाज चढत जातो, चढत जातो, ऐकणाऱ्याला वाटतं आता कुठेतरी पोचणार, आणि तेवढ्यात ओळीच्या मध्येच सगळं ठप्प. मी दोन्ही झांजा हाताने दाबून धरते. सभागृह क्षणभर श्वास घ्यायचं विसरतं. तरुण बँडवाले त्यावर इतके भाळले की एक वर्ष माझ्या तळघरात कुठलंच गाणं धड संपत नव्हतं. एका प्राध्यापकाने त्या शेवटावर प्रबंध लिहिला, अर्धवट राहिलेल्या पिढीचा हुंकार वगैरे. ग्वानने तो वाचला नाही, पण रद्दीतही घातला नाही.

आता करवतीचं सांगते. आम्ही विशीत होतो तेव्हा परदेशातल्या न खपलेल्या सीडी आणि कॅसेट भंगार प्लास्टिक म्हणून जहाजाने आमच्या बंदरांत यायच्या. कुणी विकू नये म्हणून तिकडे आधीच त्यांच्या कडेला करवतीने खाच पाडायचे. आमची पोरं त्या ढिगाऱ्यांतून त्या उपसायची आणि सायकलवर टोपल्या बांधून गावोगाव विकायची. सीडी आतून बाहेर वाजत जाते, म्हणून पहिली गाणी छान वाजायची आणि शेवटचं गाणं खाचेपाशी येऊन मरायचं. आमच्या पिढीने जगाचं संगीत असंच ऐकलं, शेपूट तुटलेलं. तक्रार कोण करणार? मिळत होतं हेच पुष्कळ.

गेल्या वसंतात ग्वानने घर बदललं आणि काही खोकी माझ्या तळघरात आणून टाकली. एका खोक्यात त्याची पहिली सीडी निघाली. दातोंगमध्ये एकोणीस वर्षांचा असताना त्याच्याकडे तेवढी एकच होती आणि तिच्यावरच तो गाणं शिकला, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. त्याने ती बाहीने पुसली, लाओ देंगच्या हातात दिली आणि दाराबाहेर सिगरेट ओढायला गेला. लाओ देंगने वेष्टण पाहिलं आणि म्हणाला, ही तर माझ्या थोरल्या भावाकडे होती. त्याने ती लावली. मी ड्रमचं कातडं ताणत बसले होते, माझं लक्ष नव्हतं. शेवटचं गाणं लागलं. आवाज चढत गेला, चढत गेला आणि खाचेपाशी तुटला. लाओ देंग हलेना. त्याने ते पुन्हा लावलं. मग मला म्हणाला, "ताई, 'कोबी'चा शेवट वाजव बरं." मी वाजवला. ठोका न् ठोका तोच.

"ताई, हे गाणं इथं संपत नाही," तो म्हणाला. "अजून निम्मं शिल्लक आहे. या पोराला वाटलं इथंच संपतं. त्याला वाटलं, मोठी माणसं गाणं असंच संपवतात."

तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. खरं सांगते, मीही हसले. इतकं गोड काही मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं, संध्याकाळी जेवताना हा ग्वानला सांगेल, ग्वान दोन शिव्या घालेल आणि सगळे मिळून पुन्हा हसू.

लाओ देंगने सांगितलं नाही. तो घरी गेला आणि लिहायला बसला. इतकी सुंदर गोष्ट हाताला लागल्यावर त्याला दम कुठून निघणार? पुढच्या अंकात छापून आलं. चिनी रॉकमधला सर्वांत गाजलेला शेवट बंदरावरच्या एका करवतीने रचला, असं त्याने लिहिलं होतं. पुढे खूप प्रेमाने लिहिलं होतं, मी नाकारत नाही. एका मुलाकडे अर्धंच गाणं होतं आणि त्याने त्या अर्ध्यातून पूर्ण काहीतरी उभं केलं, असंही होतं. पण पुढचं कोण वाचतं? लोकांनी पहिलं वाक्य उचललं. फोनाफोनी ते शहरभर फिरलं. प्रबंधवाल्या प्राध्यापकाची टर उडाली, ग्वानची तर उडालीच.

ग्वान नेहमीसारखा तालमीला आला, वाजवून गेला. मला वाटलं, निभावलं. मग शरद ऋतूत एका मोठ्या सभागृहात आमचा कार्यक्रम झाला. 'कोबी' शेवटावर आलं, आवाज चढला, मी झांजा दाबल्या, आणि नेहमीच्या शांततेच्या जागी पुढच्या रांगेतून एकाने पुठ्ठ्याची करवत उंच धरली. बाकीचे ओरडले, "करवत! करवत!" पोरं दुष्ट नव्हती. त्यांना वाटलं, ही आपल्या सगळ्यांची गंमत आहे. ग्वानने माइक जमिनीवर ठेवला, अगदी हळू, अंडं ठेवावं तसा. आणि मागच्या दाराने निघून गेला.

त्यानंतर त्याने ना लाओ देंगचा फोन घेतला, ना माझा. लाओ देंग आधी माझ्याशीच वाद घालत राहिला. मी कौतुकच केलं होतं, शेवटचा परिच्छेद वाच म्हणाव त्याला, आणि खोटं काय लिहिलं सांग. मी म्हटलं, खरं होतं म्हणूनच लागलं, शहाण्या. मग तो ग्वानच्या घरी जायला लागला. दार बायकोने उघडावं आणि म्हणावं, ते झोपलेत. भरदुपारी झोपलेत, संध्याकाळी झोपलेत, एकदा तर आतून खोकल्याचा आवाज येतोय तरी झोपलेत. मग तोही जायचा थांबला. सदर लिहिणंसुद्धा थांबवलं. संपादकाला तब्येतीचं कारण दिलं.

आणि एक दिवस तळघरात अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसला असताना मला म्हणाला की नवीन वर्षाचा सण झाला की मी बहिणीकडे जातो. वरची खोली रिकामी आहे म्हणते. कायमचा.

मला राग आला की मी आधी तोंड सोडते, तसं सोडलं. म्हटलं, तिथे करणार काय तू? मासे सोलणार? तिथे तुला ओळखतं कोण? हिवाळ्यात दोन लोकरी विजारी घालणारा, भातावर व्हिनेगर ओतून खाणारा, गरम पाण्याशिवाय गोळी न गिळणारा म्हातारा बघून ती माणसं तुला चिनी समजतील. तो हसला नाही. स्क्रू पिळत राहिला.

"इथं मी कोण होतो, ताई?" तो म्हणाला. "ग्वानचा गिटारवाला. तेवढ्यावर सगळं शहर मला आपलं म्हणत होतं. ते गेलं की उरतो लेखणी घेतलेला एक परदेशी. तसे पुष्कळ आहेत. मला त्यांच्यातला एक होऊन इथं राहायचं नाही."

मी त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि त्याला घरी पिटाळलं.

आमच्याकडे दोन पुरुषांचं बिनसलं की कुणी कुणाची माफी मागत नाही. शब्दांत तर नाहीच. तिसऱ्या कुणीतरी जेवायला बोलवायचं असतं. दोघांना वेगवेगळं बोलवायचं, दोघांनाही माहीत असतं दुसरा येणार आहे, आणि दोघंही माहीत नसल्यासारखं करतात. तिसऱ्याचं वजन असावं लागतं, नाहीतर येतच नाहीत. माझं वजन आहे की नाही हे मी कधी तोलून पाहिलं नव्हतं. मी ग्वानच्या घरी गेले. बायको दारात आली आणि तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, झोपलाय ना, झोपू दे, मी उशाशी बसते. आत गेले. तो टीव्हीसमोर भोपळ्याच्या बिया सोलत होता.

मी त्याला सांगितलं की रविवारी दुपारी गल्लीच्या तोंडाशी हॉटेलात, टेबलावरच्या तांब्याच्या बंबात बुडवून मटण खायचंय आणि मी बोलावतेय. तो बिया सोलत राहिला. मी म्हटलं, तो परत जातोय. कायमचा. तेव्हा त्याचा हात थांबला. एवढंच, हात थांबला. मग म्हणाला, "मटण असेल तर येईन. मटणाशी माझं भांडण नाही."

लाओ देंगला मी सक्त ताकीद दिली. स्वच्छ शर्ट घाल. माफी मागू नकोस. समजावून सांगू नकोस. आणि तुझ्या भावाची ती अख्खी सीडी मागवून भेट देण्याचा विचार डोक्यात असला तर तो इथेच सोडून ये. तो चपापला, म्हणजे विचार होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी लाओ देंग आधी आला आणि दाराकडे पाठ करून बसला. ग्वान येईल की नाही हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. बंबातले निखारे फुलले, पाणी उकळलं, मटणाच्या पातळ चकत्यांची ताटं आली, तिळाची चटणी आली, तरी तो आला नाही. लाओ देंग लसणाच्या लोणच्याची एकेक पाकळी खात होता आणि त्याला चव कळत नव्हती हे दिसत होतं. मी मनात ग्वानच्या सात पिढ्या उद्धरल्या. तेवढ्यात दाराचा जाड पडदा हलला आणि तो आत आला, टोपीवर बर्फाची भुकटी.

मग जागेवरून घोळ. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, आणि ती दोघांनाही नको. ग्वान दुसरीकडे बसायला गेला तर लाओ देंग उठून त्याला तीच दाखवायला लागला, ग्वान न बघता तिसरीकडे वळला. शेवटी मी म्हटलं, मीच बसते, बोलावणारी मी, वयाने मोठी मी, आणि डोकं दुखतंय तेही माझंच. बसलो.

बराच वेळ ग्वान फक्त माझ्याशी आणि मटणाशी बोलला. मटण चांगलं आहे. चटणी पातळ आहे. बाहेर वारा आहे. लाओ देंगने दोनदा तोंड उघडलं. काहीतरी घोकून आला होता, मला कळलं. मी टेबलाखालून लाथ घातली. दुसऱ्यांदा जरा जोरात बसली.

मग ग्वानने जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"मला एकच विचारायचंय," तो म्हणाला. "तुला ते कळलं तेव्हा मी कुठं होतो?"

"बाहेर," लाओ देंग म्हणाला. "सिगरेट ओढत होतास."

"किती लांब?"

"दारापलीकडे."

"मग दार उघडता येत नव्हतं? साऱ्या देशाला सांगितलंस. दारापलीकडच्याला नाही सांगितलंस."

लाओ देंगचे कान लाल झाले होते.

"कुणा परक्यानं लिहिलं असतं ना," ग्वान म्हणाला, "तर मी हसलो असतो. कापून भिंतीवर लावलं असतं. सांगतो तुला. त्या प्राध्यापकाचं मी काही मनावर घेतलं? पण हे माझ्या घरातल्या माणसानं लिहिलं. घरातली गोष्ट घरात न सांगता चौकात जाऊन सांगितली. मला करवतीचं काही वाटलं नाही, लाओ देंग. तू माझ्याआधी चौकात गेलास त्याचं वाटलं."

इतकं सलग बोलताना मी त्याला पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या लग्नातसुद्धा नाही. लाओ देंगने मान खाली घातली आणि घोकलेलं सगळं गिळलं. माझी लाथ न बसताच गिळलं, याचं मला कौतुक वाटलं.

थोड्या वेळाने ग्वानने एक मटणाची चकती पाण्यात बुडवली, हलवली आणि वेगळ्याच, जरा चोरट्या आवाजात विचारलं, "ते उरलेलं निम्मं. कसं आहे ते?"

"ऐकलं नाहीस अजून?" लाओ देंग म्हणाला. "फोनवर लगेच सापडेल."

"माहितेय, सापडेल. हिंमत झाली नाही. तुला काय जातंय विचारायला. आयुष्यभर जिथं संपतं म्हणून धरून चाललो त्याच्यापुढे काय आहे, ते कसं ऐकू? माझ्या शेवटापेक्षा चांगलं निघालं तर?"

लाओ देंगने त्याच्याकडे बघितलं. मला माहीत होतं, आता हा खरं तेच सांगणार, त्याला दुसरं येतच नाही. मी डोळे मिटून घेतले.

"वाईट आहे," तो म्हणाला. "बासरी येते."

"बासरी?"

"बरीच बासरी. मग लहान मुलं येतात, कोरसमध्ये. ती थांबतच नाहीत. शेवटी हळूहळू आवाज कमी करत करत नेलंय, कारण संपवायचं कसं हे त्यांनाही कळलं नव्हतं. माझा भाऊ तिथं यायच्या आधीच बंद करायचा."

ग्वान बघत राहिला. हा माणूस खोटं कौतुक करत नाही आणि खोटं समाधानही देत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? आधी त्याचे खांदे हलले. मग तो हसायला लागला, तोंडातलं मटण सांभाळत, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "लहान मुलं," तो म्हणत होता, "लहान मुलं." लाओ देंग त्याच्या पाठीत थापट्या मारत होता आणि स्वतःही हसत होता. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. माझा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे त्या करवतवाल्याला कान होता," ग्वान डोळे पुसत म्हणाला.

मी ज्वारीची दारू मागवली. आमची कडक, हिरव्या बाटलीतली. तीन छोटे पेले भरले. आमच्याकडे पेले टेकवताना धाकट्याचा पेला थोरल्याच्या खाली असतो. पाहुणा असला तर वय बघायचं नाही, यजमानाने आपला पेला खाली धरायचा. ग्वान लाओ देंगपेक्षा काही महिन्यांनी मोठा, तरी इतकी वर्षं त्याने याच्यासमोर पेला खालीच धरलाय. दूर देशाहून आलेला माणूस म्हणून. लाओ देंगला ते चालायचं नाही, तो आपला आणखी खाली न्यायचा, मग ग्वान आणखी खाली. दोघं पुढे वाकून वाकून टेबलाखाली जायचे आणि मी म्हणायचे, आता जमिनीवरच प्या मेल्यांनो. हा तमाशा प्रत्येक जेवणाला ठरलेला.

लाओ देंगने पेला उचलला आणि सवयीने खाली नेला. पुढे खेचाखेच होणार म्हणून हसत तयार राहिला. ग्वानचा पेला आला आणि वरच थांबला. छातीशी, सरळ, जिथे थोरल्या भावाचा असतो तिथे. खाली आला नाही. लाओ देंग वाट बघत होता. मीही. पेला हलला नाही. मग लाओ देंगच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं, कारण त्याला कळलं. मला तर त्याच्याही आधी कळलं होतं. पाहुण्यासमोर कुणी पेला असा धरत नाही.

"बघतोस काय?" ग्वान म्हणाला. "मोठा कोण?"

"तू."

"मग टेकव. हात दुखायला लागला माझा."

लाओ देंगने आपला पेला खालून वर नेला आणि त्याच्या पेल्याच्या तळाजवळ टेकवला. दोघांनी एका घोटात संपवलं. ग्वानने तोंड पुसलं आणि गुरुवारी तालमीला वेळेवर ये म्हणाला. लाओ देंगने मान हलवली.

मी आणखी मटण सांगते असं म्हणून उठले. ताटात मटण भरपूर होतं, दोघांनाही दिसत होतं, पण कुणी काही म्हणालं नाही. स्वयंपाकघराच्या दारापाशी उभी राहून मी पोटभर रडले. तिथली बाई कांदा चिरत होती. तिला वाटलं, कांद्यानेच.